रुमाल टाकून कुंपण धरता येत नाही

पिट्सबर्गला कार्नेगी मेलन विद्यापीठात शिकणाऱ्या आणि यंदा कोजागरीला कुंपण रंगवायला निघालेल्या मराठी मुलामुलींनो,

स. न. वि. वि. (खरं तर 'अनेक आशीर्वाद' लिहायला हवं. पण तुमच्यातल्या एकीने मला मेसेजमध्ये 'काकू' म्हटलंय, तिला हे उत्तर समजा.)

तुमचं वेळापत्रक माझ्यापर्यंत पोचलं. सोबत प्रश्न होता, "कुंपणावर मराठीत काय लिहावं, सुचवाल का?" वेळापत्रक झकास आखलंय. रात्री बाराला रंगकाम सुरू, दीडला फोटो, दोनला मसाला दूध, अडीचला पांगापांग, कारण सकाळी कुणाचं लेक्चर, कुणाची असाइनमेंट. शेवटी बारीक अक्षरात एक टीप: दूध आणि सामोसे एका रेस्टॉरंटकडून फुकट, त्या बदल्यात कुंपणाच्या एका खांबावर त्यांचं नाव.

मजकूर सुचवते, पण त्याआधी मला त्या 'अडीच'बद्दल बोलायचंय. एकट्यादुकट्याला कळवून भागलं असतं. पण हाच बेत, हेच अडीच, मी गेल्या काही वर्षांत निरनिराळ्या बॅचेसकडून ऐकत आलेय. म्हणून सगळ्यांनाच उघड लिहिते.

हे पत्र ज्या बाकीच्यांच्या हाती पडेल त्यांच्यासाठी आधी थोडं सांगायला हवं. कार्नेगी मेलनच्या आवारात मधोमध एक लांबरुंद हिरवळ आहे, तिला 'कट' म्हणतात. तिथे एक कुंपण उभं आहे. ते कशाभोवतीच नाही. सरळ रेषेत उभे काही खांब आणि त्यांना जोडणाऱ्या आडव्या पट्ट्या, बस्स. कुंपणानेच शेत खाल्लं म्हणायची सोय नाही, कारण शेतच नाही. हे कुंपण विद्यार्थी रंगवतात. वाढदिवस, नाटकाचा प्रयोग, मोर्चा, लग्नाची मागणी, दिवाळी, निवडणूक, कुणी गेलं त्याची आठवण, काहीही. रंगवायचं ते मध्यरात्रीपासून पहाटेपर्यंतच, आणि हातात धरायच्या ब्रशनेच, स्प्रे चालत नाही. एकदा रंगवलं की ते कुंपण तुमचं. पण कुठवर? तुमचं माणूस तिथे बसलंय तोवर. ते उठलं की पुढच्याला मोकळं. आमच्या वेळी कुठलाही अर्ज, पावती, बुकिंग नव्हतं. तंबू ठोकून, स्लीपिंग बॅग घालून पोरं आठवडा-आठवडा बसलेली मी पाहिली आहेत, बाजूला लॅपटॉप, गुडघ्यावर थर्मोडायनॅमिक्स.

आपल्याला जागा धरायची एकच रीत ठाऊक. एसटी फलाटाला लागायच्या आत खिडकीतून रुमाल टाकायचा. रुमाल नसेल तर पिशवी, पिशवी नसेल तर बारकं पोर. आणि मग दारातून सावकाश चढून, "अहो, ही आमची जागा आहे, रुमाल दिसला नाही का?" भिंतींचंही तसंच. निवडणूक जवळ आली की अख्ख्या भिंतीला चुना मारून कोपऱ्यात पक्षाचं नाव आणि 'राखीव' एवढं लिहून ठेवायचं, मजकूर दोन महिन्यांनी. माझा काका नाशिकला हे काम करायचा, एका डब्यात चुना, एका डब्यात गेरू, आणि कुठल्याही पक्षाचं वावडं नाही. तो म्हणायचा, "भिंत त्याची, ज्याचा चुना आधी." पुढे 1995 मध्ये मालमत्ता विद्रूपणाला बंदी करणारा कायदा राज्यात आला, तरी चुन्याचे डबे काही लगेच सुकले नाहीत.

कार्नेगी मेलनच्या कुंपणाला रुमाल चालत नाही, चुनाही चालत नाही. तिथे स्वतः बसावं लागतं. रंगाइतकीच, किंबहुना जास्तच, ती राखण म्हणजे ती परंपरा आहे. तुमच्या वेळापत्रकात नेमकी तीच गाळलेली आहे.

आता माझी फजिती सांगते.

ऑक्टोबर 2008. मी तिथे मास्टर्सच्या पहिल्या सेमिस्टरला होते. लेहमन ब्रदर्स ही अमेरिकेतली बडी बँक बुडून महिना झाला होता, आणि ज्यांच्या नोकऱ्या अजून लागायच्याही नव्हत्या त्या आम्हा सगळ्यांच्या नोकऱ्या जणू गेल्या होत्या. गेट्स सेंटरचं बांधकाम चालू होतं, क्रेनचे दिवे रात्रभर जळायचे. अशा त्या उदास महिन्यात कुणाच्या तरी डोक्यात आलं की कोजागरीला कुंपण रंगवू. आम्ही नऊ जण. त्यातला एक कोल्हापूरचा, त्याच्या घरी पाट्या रंगवायचा धंदा. त्याने बारा वाजायच्या आधीच आमचा मजकूर फेटाळला.

आम्ही लिहिणार होतो 'कोजागरी पौर्णिमेच्या हार्दिक शुभेच्छा'. तो म्हणाला, पट्टी बघा. खरंच, कुंपणाची आडवी पट्टी अरुंद, तिच्या वर हवा, खाली हवा. इंग्रजी अक्षरं त्या पट्टीत गुमान बसतात, आपली बसत नाहीत. आपल्या अक्षराला वर मात्रा, वेलांटी, रफार, खाली उकार. पट्टीत मावायचं तर मधलं अक्षर मुंगीएवढं करावं लागतं, नाहीतर 'शु'चा उकार पट्टीखालच्या मोकळ्या हवेत लोंबायला हवा. "ज्याला वर टोपी नाही आणि खाली शेपूट नाही असं काहीतरी द्या," तो म्हणाला. आम्ही हिरवळीवर फतकल मारून असे शब्द शोधत बसलो. सोपं नसतं ते, करून बघा. 'नमन', 'कमळ', 'साखर भात'. अर्धा तास गेला. मग कोजागरीचं 'को जागर्ति' कुणीतरी मराठीत फिरवलं आणि मजकूर सापडला:

जागा राखा, जागा.

नुसते काने. पहिली 'जागा' म्हणजे ठिकाण, शेवटची म्हणजे झोपू नका. कोल्हापूरकराने पट्टीच्या वरच्या कडेलाच शिरोरेघ धरली, म्हणजे वेगळी ओढायलाच नको, सगळं अक्षर कुंपणाला वाळत घातल्यासारखं खाली सोडलं. तळाला गडद निळा, अक्षरं चांदण्यासारखी पांढरी. जुना रंग इतका जाड की ब्रश टेकवला की खालचं थोडं दबायचं, रबरासारखं. कोपऱ्यात एक पोपडा निघालेला होता, त्यात एकाखाली एक रंग दिसत होते, मोजायला गेले तर विसाच्या पुढे डोळे दमले. दोन वाजता दूध. घरून थर्मासमध्ये आटवून आणलेलं, केशर एकीच्या आईने पाठवलेलं, चारोळ्या नव्हत्या म्हणून बदामाचे काप.

मग पाळ्या. दोन ते चार दोघं, चार ते सहा मी आणि माझी रूममेट. रूममेटला ताप भरला. मी म्हटलं, दोनच तास तर आहेत, मी एकटी बसते. चार वाजता बसले. साडेचारला पायाची बोटं आहेत की गेली ते कळेना. पाचला शेजारच्या इमारतीत ऊब घ्यायला गेले, दहा मिनिटांसाठी. रेडिएटरजवळच्या बाकावर टेकले.

जाग आली तेव्हा सहाला वीस मिनिटं कमी होती. धावत आले तर तिघं जण कुंपणाशी, हातात ब्रश, कामाला लागलेले. 'जागा राखा' गेलं होतं, त्यावर पिवळा हात फिरला होता. शेवटची 'जागा' तेवढी उरली होती, आणि तिच्यापुढे एक उंच मुलगा ब्रश बुडवून उभा. मला बघून तो थांबला. "तुमचं होतं?" मी मान हलवली. "काय लिहिलं होतं?"

मी सांगितलं. जागा सांभाळा, झोपू नका.

मला वाटलं तो हसेल. मला स्वतःलाच हसू येत होतं, रडूही. तो म्हणाला, "हे एवढं पुसायच्या आधी फोटो काढायचाय का?" मी काढला. त्या काळच्या फोनवरचा, रव्यासारखा दाणेदार फोटो. त्यात पिवळ्याच्या कडेला निळ्यावर एकच शब्द आहे, 'जागा', आणि तो आता कुठली जागा ते सांगता येत नाही. मग त्याने ब्रश फिरवला. त्याने काहीच वावगं केलं नव्हतं. नियम त्याने पाळला, आम्ही मोडला.

तर, तुम्ही अडीचला उठणार म्हणजे तुम्ही मी आहात, फक्त ठरवून.

या कुंपणाचा जन्म कसा झाला तेही ऐका, कारण त्यात रंगाचा काहीच संबंध नव्हता. अँड्र्यू कार्नेगीने 1900 मध्ये ही शाळा काढली. मुलांचं शिक्षण एका बाजूला, मुलींसाठी त्याच्या आईच्या नावाचं मार्गारेट मॉरिसन कॉलेज दुसऱ्या बाजूला, आणि मध्ये घळ. घळीवर पूल. साहजिकच, भेटायचं ते पुलावर. मग शेजारची टेकडी उतरवून तिची माती घळीत टाकली, कट सपाट झाला, पूल गेला. भेटायची जागाच गेली. म्हणून 1923 मध्ये संस्थेने एक लाकडी कुंपण उभारून दिलं, इथे टेका आणि भेटा म्हणून. ते कुणालाच आवडलं नाही. पाडायचं ठरलं. आणि तिथल्या आख्यायिकेप्रमाणे, पाडायच्या आदल्या रात्री काही पोरांनी आपल्या पार्टीची जाहिरात त्यावर रंगवून टाकली. सकाळी ते एकदम कामाचं दिसायला लागलं, आणि वाचलं.

(जाहिरातीनेच वाचलं, तर मग रेस्टॉरंटचं नाव का नको, असं तुमच्यातला कुणी म्हणेल. त्यावर येते.)

सत्तर वर्षं ते लाकडी कुंपण टिकलं. रंगावर रंग, रंगावर रंग. जगातली सर्वांत जास्त वेळा रंगवलेली वस्तू म्हणून गिनीजवाल्यांनीही त्याची नोंद घेतली. 1993 मध्ये ते कोसळलं. वाऱ्याने नाही, वाळवीने नाही, रंगाच्या ओझ्याने. थर सहा इंचांच्या घरात गेला होता, लाकूड आत नावालाच. त्याजागी आता काँक्रीटचं आहे आणि तेही फुगत चाललंय.

मी नाशिककडची असल्यामुळे मला हे वाचून आश्चर्य वाटलं नव्हतं. आमच्याकडे वेशीवरचा मारुती असाच असतो. पिढ्यानपिढ्या शेंदूर चढतो, नाकडोळे बुजतात, देव गोल गरगरीत होत जातो, आणि एखाद्या दिवशी ते कवच आपल्या भाराने सुटतं. वणीच्या सप्तशृंगीच्या मूर्तीवरचे शेंदराचे थर 2022 मध्ये उतरवले, तेव्हा आतलं मूळ रूप बघून आमच्या घरातली म्हातारी माणसं गप्प झाली होती. त्यांनी जन्मभर हात जोडले ते वरच्या रूपाला. कुंपणाचंही तेच आहे. आतलं काँक्रीट कुणी बघायला जात नाही. जे उभं आहे ते म्हणजे त्या त्या रात्री बसलेली माणसं, एकावर एक.

अमेरिकेत हे वेड एकट्या पिट्सबर्गचं नाही, बहुतेक ठिकाणी ते दगडाचं आहे. शिकागोजवळ नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात 1902 च्या बॅचने दिलेला दगड, मुळात तो पाणी प्यायचं कारंजं होता. तिथे रंगवण्याच्या आधी राखतात. ॲन आर्बरला मिशिगन विद्यापीठाजवळचा दगड 1932 मध्ये जॉर्ज वॉशिंग्टनच्या द्विशताब्दीसाठी मांडलेला, म्हणजे पुतळ्याच्या गांभीर्याने, आणि आज त्यावर फुटबॉलच्या घोषणा. टेनेसी विद्यापीठातला दगड तर साडेसत्त्याण्णव टनांचा, 2009 मध्ये तो उचलून रस्त्यापलीकडे नेला, टाकून दिला नाही. दगड, पूल, बोगदा काहीही असो, ज्याला आपण 'विद्रूपण' म्हणतो त्याला तिथे एक जागा नेमून दिलेली आहे. कधी कधी त्या जागेवर घाणेरडंही लिहिलं जातं. त्याला उत्तर काय, तर पुढची मध्यरात्र आणि आपला ब्रश. हे उत्तर मला पूर्ण पटतं असं नाही. ज्याच्याबद्दल घाण लिहिलीय त्याने सकाळचं लेक्चर त्या शेजारूनच जाऊन करायचं असतं. पण परवानगीचा शिक्का घेऊन लिहायला लावणारं कुंपण मला त्याहून नकोसं वाटतं.

आता रेस्टॉरंट. सामोसे घ्या, मालकांना बोलवा, दूध पाजा, जमलं तर दोन तास राखायला बसवा. खांबावर नाव नको. गणपतीच्या मंडपात बाप्पा कुठे आणि 'सौजन्य' कुठे हे शोधायची पाळी आपल्यावर इथे आलेलीच आहे, ती तुमच्या विद्यापीठाशेजारच्या फोर्ब्स अव्हेन्यूवर कशाला न्यायची? त्या पोरांनी जाहिरात केली ती स्वतःच्या पार्टीची, स्वतःच्या हाताने. दुसऱ्याच्या धंद्याचं नाव सामोशांच्या बोलीवर लिहायचं असेल तर बिलबोर्ड आहेत की, पैसे भरा, रात्री खुशाल झोपा.

मजकुराचं. 'जागा राखा, जागा' मी तुम्हाला देणार नाही, तो आमचा आणि आम्ही तो नासवला. स्वतःचा शोधा. टोपी आणि शेपूट नसलेले शब्द, एवढी किल्ली दिली. रोमन लिपीत 'कोजागरी' लिहू नका, वाचणाऱ्यांपैकी ज्यांना कळायचं त्यांना देवनागरीतच कळेल, आणि ज्यांना नाही कळायचं ते थांबून विचारतील. विचारणाऱ्यासाठी तिथे कुणीतरी बसलेलं हवं, हाही एक मुद्दा आहेच. आमच्या अर्ध्या रात्रीत निदान सात-आठ जणांनी विचारलं. एक चिनी मुलगी वीस मिनिटं बसली, तिने तिच्याकडच्या शरदातल्या पौर्णिमेच्या केकबद्दल सांगितलं आणि आमचं दूध पिऊन 'गोड फार आहे' म्हणाली. ते खरं होतं.

काही बारीकसारीक. पाळी कुणाचीही एकट्याची लावू नका, दोघं हवीतच. एकाला शू लागली तरी कुंपण जातं. पाळी दोन तासांपेक्षा मोठी नको. पुढचे दोघं प्रत्यक्ष येऊन टेकल्याशिवाय आधीच्यांनी हलायचं नाही, 'निघालोय' हा मेसेज म्हणजे रुमाल. बसायला खाली जाड पुठ्ठा घाला, जमिनीतून येणारी थंडी ब्लँकेटला दाद देत नाही. दूध दोनला सगळं संपवू नका, एक थर्मास चारच्या पाळीसाठी झाकून ठेवा. ताज्या रंगाला टेकू नका, माझ्या एका जॅकेटवर अजून पांढरा काना आहे. आणि साडेनऊचं लेक्चर चुकेल तर चुकू द्या. हे मी आता स्वतः शिकवते म्हणून अधिकाराने सांगते.

लक्ष्मी 'को जागर्ति' म्हणत नेमकी किती वाजता फिरते याचा उल्लेख माझ्या पाहण्यात नाही, पण अडीचच्या आत उरकत असेल असं वाटत नाही.

चार ते सहाची पाळी सगळ्यांत वाईट. चंद्र खाली उतरलेला असतो, बोलायचे विषय संपलेले असतात, आणि रेडिएटर हाका मारतो. त्या वेळी माझ्याकडे दुपारचा दीड वाजलेला असतो, मी जेवून उठलेली असते आणि कॉलेजात मोकळी असते. माझा नंबर तुमच्या ग्रुपमध्ये आहे. त्या पाळीला जे कुणी असतील त्यांनी चारला फोन लावा. उजाडेपर्यंत मी लाइनवर आहे.

तुमची,
2008 ची चार ते सहाची पाळी